मारोतीभाऊंनी माईक हातात घेतला तेव्हा

शहापूरच्या बाजारात वांगी निवडत होते, तेव्हा मारोतीभाऊंच्या बायकोचा, शांतावहिनींचा फोन आला. "कल्पना, तुहे मारोतीभाऊ गेले वो…" एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. या गोष्टीला आता महिना होत आला.

मारोतीभाऊंचं आणि माझं रक्ताचं नातं नव्हतं. उलट मागच्या वेळी मी सरपंचपदासाठी उभी राहिले ती त्यांच्या धाकट्या भावाविरुद्ध, यादवभाऊंविरुद्ध. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले त्याला बरीच वर्षं झाली होती. गाव ते विसरलं असं मला वाटायचं. प्रचार सुरू झाला आणि कळलं, गाव काहीच विसरत नाही. यादवभाऊंची सभा चौकात होती आणि भोंगा थेट आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होता. बाहेरगावचा कुणी वक्ता म्हणाला, "जिले आपला नवरा सांभाळता आला नाही, ते गाव काय सांभाळन?" हशा पिकला. दारात बसलेल्या आईनं पदर तोंडाला लावला… आणि मग मारोतीभाऊंचा ओळखीचा, खरबरीत आवाज आला. "हासून काहून राहिले? कल्पना याच गावची पोरगी आहे. तिले रस्त्याचं विचारा, नालीचं विचारा. तिच्या घरात शिरू नोका!" पुढे भोंगा बंदच पडला. यादवभाऊंनी त्यांचा सदरा धरून ओढलं, कुणी माईकची वायर काढली, तरी भाऊ मोठ्यानं बोलतच राहिले, असं नंतर कळलं.

माझी माणसं पेटली. यादवभाऊंच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. उद्या आपण तेच काढू, असं माझी माणसं म्हणाली. मी नको म्हटलं, पण कुणी ऐकेना. दुसऱ्या दिवशी आमच्या सभेत मारोतीभाऊ पहिल्या रांगेत एकटेच येऊन बसले. दोन्हीकडची माणसं त्यांच्याकडे रोखून पाहत होती. आमच्या वक्त्यानं सुरू केलं, "यादवभाऊच्या पोरीचं काय झालं, ते बी सांगा ना…" भाऊंनी मान वर केली नाही. गुडघ्यांवरची बोटं तेवढी आवळली. मी उठले आणि माईक ओढून घेतला. "पोरीचं नाव निघत असन, तर मले तुमची मतं नको." मागून कुणी पुटपुटलं, "पडली हे."

पडलेच मी. यादवभाऊ निवडून आले, पण भावाशी बोलणं त्यांनी सोडलं ते सोडलंच. अंगण एक, बोलणं नाही. "तो नाही बोलत," भाऊ मला म्हणाले होते, "पण त्याची पोरगी रोज भाजीची वाटी आणून देते."

मारोतीभाऊंना कारध्याच्या नदीघाटावर नेताना यादवभाऊंनी खांदा दिला. आता निवडणूक पुन्हा आली आहे, आम्ही दोघंही पुन्हा उभे आहोत. गेल्या आठवड्यात ते आमच्या दारात आले, खाली बसले नाहीत. "आमच्या लोकाईनं वावगं बोललं तर मले सांगजो. सांगनारा गेला आता…" मी हो म्हटलं. विश्वास ठेवावा की नाही, अजून ठरत नाही.

शांतावहिनी सांगतात, प्रचाराची गाडी आली की भाऊ धानाच्या बांधीतलं काम थांबवून, कुणाच्या घरातलं काही निघत नाही ना, ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत उभे राहायचे. परवा मी कणिक मळत असताना यादवभाऊंची गाडी आमच्या गल्लीत शिरली. मी तशाच हातांनी दाराशी आले… गाडी पार वळणाआड जाईपर्यंत ऐकत उभी राहिले.