न सांगता लावलेलं यंत्र

निपाणीकडे वडिलांना अण्णा म्हणतात. बेंगळुरूत रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळेच अण्णा. त्यामुळे मी गॅलरीतून हाक मारली की खाली तीन माणसं वर बघायची आणि माझे अण्णा तेवढे बघायचे नाहीत. ते स्कूटर पुसण्यात गुंग असायचे.

आई गेल्यावर मी त्यांना महादेवपुऱ्यातल्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. मी एकटी राहते, आयटीत नोकरी करते आणि माझा स्वभाव मुकादमाचा आहे हे ऑफिसात कोणीही सांगेल. अण्णांनी आयुष्यभर तंबाखूचे ट्रक चालवले, शेवटची काही वर्षं एका कारखान्याची बस. चार भिंतींत त्यांचा जीव आंबून गेला. कन्नड त्यांना यायचं, पण कामापुरतं; मनातलं बोलायला मराठीच लागायची. म्हणून मी माझी जुनी स्कूटर त्यांना दिली. कागद माझ्या नावावर, किल्ली त्यांच्या खिशात.

हात रिकामे राहू नयेत म्हणून ते घरातलं काहीबाही दुरुस्त करत बसायचे. वायरीला काळी टेप गुंडाळून झाली की तिचं शेवटचं टोक ते दुमडून ठेवायचे, म्हणजे पुढच्या वेळी सोडवणाऱ्याला नख खुपसत बसावं लागत नाही. ही त्यांची ट्रकवरची सवय. मिक्सर, चार्जर, बेडरूमचा दिवा, सगळीकडे ते दुमडलेलं टोक दिसायचं. पुढच्या वेळी सोडवणारे तुम्हीच की, असं मी चिडवायचे. ते म्हणायचे, असेन, नसेन.

एकदा ते दोन तास उशिरा घरी आले. वळण चुकलो, म्हणाले. खोदून विचारल्यावर कबूल केलं की होसकोटेला गेलो होतो. तिथल्या कारखान्यांत कोल्हापूर-सांगलीकडचे ट्रक माल घेऊन येतात आणि उतरवायचा नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर चहाच्या टपरीवर बसून राहतात. अण्णा त्यांच्यात जाऊन बसले होते. बहात्तर वर्षांचा माणूस, मध्यंतरी एकदा चक्कर येऊन गेलेली, आणि हायवेवर स्कूटर. माझं डोकं फिरलं. पुन्हा तिकडे जायचं नाही, फिरायचं तर आपल्या तळ्यापर्यंत, असं मी बजावलं. त्यांनी मान डोलावली. त्या मानेवर मी विश्वास ठेवला नाही.

पुढच्या शनिवारी, भाजी आणायला म्हणून, मी त्यांची स्कूटर घेऊन चिकपेटजवळच्या एका गल्लीत गेले. काडेपेटीएवढं यंत्र, बॅटरीला दोन वायरी. गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं आणि आपण आखलेल्या हद्दीबाहेर गेली की सूचना येते. दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, गाडी कोणाच्या नावावर? माझ्या, मी म्हटलं. मग कायद्याची काही अडचण नाही, असं सांगून त्याने पुढचं कव्हर उघडलं. चालवतं कोण, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. येताना भाजी घ्यायला मात्र विसरले नाही.

आठवड्याभरात सूचना आली. मी मीटिंग सोडून बाहेर आले आणि फोन लावला.

"अण्णा, होसकोट्यात काय करताय?"

पलीकडे ट्रकचा हॉर्न वाजला. 

"तुला कोन सांगितलं?"

ऑफिसातल्या एकाने पाहिलं, अशी मी थाप मारली.

"सरी," ते म्हणाले. 'बरं' म्हणायचा हा कन्नड शब्द त्यांनी इथेच उचलला होता. "येतो परत."

संध्याकाळी त्यांनी तो विषय काढला नाही. नेहमीसारखे जेवले. फक्त आमटी खाताना, कारण नसताना, कारखान्याच्या बसची गोष्ट काढली. त्या बसलाही असंच यंत्र बसवलं होतं म्हणे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला जुनं काहीतरी आठवलं.

"मालकानं मला बोलावून घेतलं," ते म्हणाले. "हातात दिलं, बघ म्हनला, हे लावतोय. मग सही घेतली. सांगून लावलं, मग कशाला वाईट वाटंल?"

मी पोळी तव्यावर टाकत होते. हं, म्हटलं.

त्यानंतर मोबाइलवरचा तो निळा ठिपका कधी हद्दीबाहेर गेला नाही. सकाळी साडेनऊला तळ्याच्या फाटकापाशी थांबायचा, दुपारी एकला घरी. मी खूश होते. आईवडिलांना कसं सांभाळावं यावर कँटीनमध्ये इतरांना सल्ले देत होते. मुलीचं ऐकणारा बाप मिळायला नशीब लागतं, असंही एकदा बोलून गेले. आज ते आठवलं की स्वतःची शिसारी येते.

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारचे दोन वाजले तरी ठिपका तळ्यापाशीच होता. फोन वाजत होता, उचलत नव्हते. मी रिक्षाने तळ्यावर गेले. स्कूटर फाटकाजवळ सावलीत नीट लावलेली होती. मी पुन्हा फोन लावला आणि डिकीतून त्यांची रिंग ऐकू आली.

मग मी तळ्याला फेऱ्या घातल्या. बाकं, झाडांच्या मागची जागा, व्यायामाचे लोखंडी सांगाडे, सगळं पाहिलं. पाण्याकडे बघायची हिंमत होत नव्हती आणि दुसरीकडे नजर जात नव्हती. तीन तास मी तिथेच घुटमळले, कारण मोबाइल सांगत होता की ते इथेच आहेत. शेवटी, पाळी बदलायच्या वेळी, फाटकावरच्या वॉचमनला विचारायचं मला सुचलं. तो सहज म्हणाला, तो स्कूटरवाला अज्जा ना, तो इथे नसतो. रोज गाडी लावतो, फोन आत ठेवतो आणि समोरच्या स्टॉपवरून होसकोट्याची बस पकडतो.

फोनही चुगली करतो असं त्यांना वाटलं असावं.

टपरीवर चौकशी केल्यावर पत्ता लागला; होसकोट्याच्या सरकारी दवाखान्यात ते बेशुद्ध होते. सकाळी अकराला टपरीवर बसल्या बसल्या झटका आला होता. खिशात स्कूटरची किल्ली आणि बसचं तिकीट, बाकी काही नाही. कोणाला कळवायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कागलचा एक ड्रायव्हर आपला नंबर सोडून दिवसभर त्यांच्या उशाशी बसून होता. मला बघून तो उठला आणि खुर्ची पुढे सरकवली. "तुमी बेंगळुरातच असता व्हय," तो म्हणाला. "आमाला वाटलं, ह्यांचं हितं कोन न्हाई." त्यात टोमणा नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागलं. लवकर आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. लवकरच आणलं होतं. पण ते सात तास त्यांच्याजवळ घरचा हात नव्हता. तिसऱ्या दिवशी ते गेले. डोळे उघडले नाहीत, मला काही विचारता आलं नाही, काही कबूल करता आलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वकीलबाई राहतात. दिवस झाल्यावर त्या भेटायला आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, मी केलं ते गुन्ह्यात बसतं का? खरं तर कोणीतरी होय म्हणावं, असं मला वाटत होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, तुझी गाडी कुठे आहे हे तू बघू शकतेस. तिच्यावर बसलेला माणूस कुठे जातो हे त्याला न सांगता बघत राहणं वेगळं; खासगीपणा हा माणसाचा हक्क आहे असं कोर्टही मानतं, पण घरातल्या घरात असं झालं तर काय, याचं एका ओळीत उत्तर नाही. जाताना दारात थांबून म्हणाल्या, त्यांना सांगितलं असतंस तर हा प्रश्नच उरला नसता. आमटी खाताना अण्णा तरी मला वेगळं काय म्हणाले होते?

स्कूटर विकणं जमेना आणि ते यंत्र त्यात राहू देणंही जमेना. पुन्हा त्या गल्लीत गेले. दुकानदाराने कव्हर उघडलं आणि तो थबकला. हे माझं काम नाही, म्हणाला. त्याने वायरी प्लास्टिकच्या पट्टीने बांधल्या होत्या. हँडल वळताना त्यातली एक घासली जाऊन आतली तार उघडी पडली होती. थोड्या दिवसांत तुटली असती आणि यंत्र बंद पडलं असतं. कोणीतरी ती काढून, जोडून, हँडलपासून लांब नेऊन बसवली होती. वरून काळी टेप गुंडाळली होती.

तो सोडवायला पुढे झाला. मी सोडवते, म्हटलं. टोक दुमडलेलं होतं, नख लावावं लागलं नाही.