अठराची चाकं उतरवली तेव्हा

नायदेनची उभी हयात मोंताना शहराच्या आसपासच्या खेड्यांतून बस हाकण्यात गेली. त्या बसचा हीटर हिवाळ्यात चालायचा नाही आणि उन्हाळ्यात बंद व्हायचा नाही. निवृत्त झाल्यावर गाडी चालवायची ती फक्त हौसेने, असं त्याने ठरवलं होतं. मनात आलं तर नदीवर मासे धरायला जायचं, नाहीतर अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली पाय पसरून बसायचं. पण त्याच वर्षी त्याच्या बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली. तिचं नाव पराश्केवा. सगळे तिला केवा म्हणत. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार उजाडायच्या आत उठायचं, केवाला मोंतानाच्या इस्पितळात डायलिसिसला न्यायचं, ती आत असेपर्यंत बाहेरच्या बाकावर डुलक्या काढायच्या आणि तिला परत आणायचं, हे त्याच्या मागे लागलं. निवृत्त माणसाला पुन्हा फेरी मिळाली होती. फक्त प्रवासी एकच होता.

दोन हिवाळे असे गेले आणि त्याची जुनी गाडी गंजून बसली. त्याच सुमारास शेजारच्या गावातला एकजण इटलीतली नोकरी संपवून परत आला होता, त्याला गाडी विकायची होती. काळी, लांबोडकी, मागे भलीमोठी डिकी. आणि चाकं! अठरा इंची, बारीक आऱ्यांची, चांदीसारखी लखलखणारी. टायर म्हणजे रिमवर कुणी काळी फीत गुंडाळावी एवढाच. नायदेनने इंजिन पाहिलं, ब्रेक पाहिले, खालून गंज पाहिला, पण खरं सांगायचं तर त्याचा जीव जडला तो त्या चाकांवर.

गावच्या चौकातल्या कॉफीच्या टपरीपुढे त्याने ती पहिल्यांदा उभी केली, तेव्हा त्याचा जुना दोस्त बोरिल खुर्चीतून उठून आला. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काय रे, या वयात पुन्हा लग्न करतोयस की काय?"

"नवरी जुनीच आहे," नायदेन म्हणाला, "वरात नवी."

सगळे हसले. असं कौतुक त्याच्या वाट्याला आयुष्यात फारसं आलं नव्हतं. बस वेळेवर आली तर कुणी काही म्हणत नाही. उशिरा आली की मात्र सगळे बोलतात.

गाव ते मोंताना हा रस्ता मात्र कुणाच्या कौतुकाचा नव्हता. दर हिवाळ्यात बर्फ मुरून डांबर फुगायचं, वसंतात फुटायचं आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत तसंच पडून राहायचं. जुन्या गाडीत खड्डा आला की गाडी कण्हायची. नव्या गाडीत खड्डा थेट माणसाच्या अंगात शिरायचा. नायदेन स्वतःची समजूत घालायचा, चांगली गाडी अशी घट्टच असते. केवा काही बोलायची नाही. गावाची पाटी मागे पडली की ती दारावरची मूठ धरायची आणि इस्पितळाच्या फाटकापर्यंत सोडायची नाही. नायदेनला वाटलं, तिला सवयच लागली असेल.

ऑक्टोबरात एका बुधवारी तो बाकावर पेंगत असताना नर्सने त्याला हलवलं. "काका, पुढल्या आठवड्यापासून केवाकाकूंसाठी तुम्हाला यायला नको हं. आपली व्हॅन त्यांना घरून घेईल. त्यांनी नाव दिलंय."

नायदेनने मान डोलावली, जणू त्याला ठाऊकच होतं. परतीच्या वाटेवर खाणीच्या वळणाला त्याने वेग कमी केला. मग म्हणाला, "व्हॅनमध्ये नाव दिलंस."

"दिलं."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर देऊ दिलं असतंस?"

"माझा कंटाळा आलाय असं म्हण की सरळ."

केवाने डोळे मिटले होते. सुई टोचलेल्या हातावरची पट्टी ती दुसऱ्या हाताने दाबून होती. "तुझा कशाला येईल कंटाळा? मशीनवरून उठले की हाडं नुसती ठणकतात रे. त्यात या गाडीतला एकेक खड्डा कण्यातून वर डोक्यात जातो. ती व्हॅन खटारा आहे, डिझेलचा वास मारते, पण तिची टायरं कशी उशीसारखी आहेत. त्यातून येणारी ती इलका म्हातारी सांगत होती, झोप लागते म्हणून."

"मग इतके महिने तोंड शिवलं होतं का तुझं?"

"संध्याकाळी फडकं घेऊन तू ती चाकं पुसायचास," ती म्हणाली. "संसारात तुला कधी काही पुसताना पाहिलं नव्हतं मी. म्हटलं, असू दे."

 घरी आल्यावर केवा पडून राहिली आणि तो अंगणात गाडीकडे बघत बसला. चाकं उतरवायला मन घेईना. मग त्याने स्वतःपुरती एक पळवाट काढली. चारही टायरमधली हवा कमी केली. हवा कमी म्हणजे टायर मऊ, एवढं तर बसवाल्याला कळतंच. पण बसच्या टायरला दाबायला रबर असतं, या फितीत काहीच नव्हतं, हे त्याला कळत असूनही त्या दिवशी कळून घ्यायचं नव्हतं.

शुक्रवारी परत येताना पाऊस होता. पाण्याने भरलेला खड्डा त्याला डबकं वाटला. धाडकन आवाज झाला, स्टिअरिंग हातातून निसटलं आणि गाडी फरफटत कडेला थांबली. पुढच्या चाकाची कड आत दुमडली होती, टायर बाजूने फाटला होता. डिकीत स्टेपनीच्या जागी पंक्चर बुजवायला फेस मारायची एक बाटली होती. फाटलेल्या टायरला फेस काय करणार? केवा पांढरीफटक पडली होती. ती ओरडली नाही की रडली नाही. फक्त म्हणाली, "मी जरा बाहेर बसते." आणि पावसात जाऊन बसथांब्याच्या मोडक्या बाकावर बसली. त्याच थांब्यावर नायदेन वर्षानुवर्षं बस थांबवत आला होता.

थोड्या वेळाने इस्पितळाची व्हॅन मागून आली. खिडकीतून इलका म्हातारीने डोकं काढलं. ती दोन गावं पलीकडची, तिचंही डायलिसिस चालू होतं. "अगं केवा, भिजतेस काय अशी! चढ आत. अन् नायदेन, तू राख हो आपल्या चांदीला."

केवा चढली. दार लागायच्या आधी तिने वळून त्याला सांगितलं, "ओव्हनमध्ये चीजची बानित्सा ठेवलीय. आलास की खा." व्हॅन गेली. नायदेन ओल्या रस्त्यावर उभा राहिला. राग यावा एवढीही ताकद अंगात नव्हती.

गाडी ओढून नेली ती गेंचोच्या टायरच्या दुकानात. गेंचो जाडगेला, पन्नाशीचा, कायम झोप अपुरी राहिलेला माणूस. बर्फासाठीचे टायर चढवायचे दिवस जवळ आले होते, दारात गाड्यांची रांग होती. त्याने वाकलेला रिम पाहिला आणि सुस्कारा टाकला. "आजच्या दिवसातला हा तिसरा. नीट होतो, पण पुन्हा वाकेल."

"सतराचे टाकले तर?" नायदेनने विचारलं. अजूनही त्याला थोडी शोभा हवी होती.

"टाक की. दिसायलाही बरे. पण काका, गाडी मिरवायची आहे की रोज चालवायची?"

नायदेनने केवाचं सगळं सांगितलं. गेंचो ऐकत कॉफी प्यायला. मग म्हणाला, "मग रिम लहान करायचा आणि रबर वाढवायचं. बाहेरचा घेर तेवढाच ठेवायचा, नाहीतर वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो. पंधरा बसला तर उत्तम, पण तुझ्या पुढच्या ब्रेकचं मला काही सांगता येत नाही. बघू या."

त्याने कोपऱ्यातला एक जुना पंधराचा रिम आणून पुढे लावला आणि हाताने फिरवला. खर्र, खर्र. ब्रेकचा जबडा आतून घासत होता.

"बारीकसं घासून घेतलं तर?" नायदेन म्हणाला.

"ब्रेक कोण घासतं, काका? बायकोला बसवून?"

मग सोळाचा आणला. तो मोकळा फिरला. गेंचोने रिमच्या आत कोरलेले आकडे दोनदा वाचले, चाक मडगार्डच्या बाहेर येत नाही आणि आत घासत नाही याची बोटं घालून खात्री केली. टायर निवडला तो अरुंद, उंच कडेचा, वजन पेलणारा. "हा आकार सगळीकडे मिळतो," तो म्हणाला. "कुठल्याही गावात फाटला तरी तासाभरात दुसरा. तुझ्या त्या फितीसाठी मला सोफियाला फोन करावा लागतो." ॲल्युमिनियम नको, साधे पोलादी रिमच घे, हेही त्याचंच म्हणणं. पोलाद वाकलं तर हातोड्याने सरळ होतं.

चारही चाकं चढली. काळे, सपाट रिम, मधोमध नटांची तोंडं. गाडी एकदम म्हातारी दिसायला लागली.

"झाकणं लावू का वरून?"

"नको," नायदेन म्हणाला. "माझ्या बसलाही नव्हती." जुनी चाकं त्याने गेंचोकडेच सोडली, कुणी शौकीन भेटला तर देऊन टाक म्हणाला.

सोमवारी व्हॅनचा भोंगा वाजायच्या आत त्याने केवाला विचारलं, "आज माझ्याबरोबर येतेस का? नाही आवडलं तर परतीला व्हॅन आहेच." केवाने अंगणात येऊन चाकं पाहिली.  पुढच्या सीटवर बसली आणि सवयीने वरची मूठ धरली. गावाबाहेरचा पहिला खड्डा आला. गाडी खाली बसली, वर आली, पुढे गेली. हादरा होताच, पण लांबून आल्यासारखा. खाणीच्या वळणाआधी केवाचा हात मांडीवर आला होता.

ती शाबासकी देईल म्हणून नायदेन वाट पाहत राहिला. मोंतानाच्या वेशीवर न राहवून म्हणाला, "मग? व्हॅनमधलं नाव काढायचं ना?"

"या आठवड्यात राहू दे," केवा म्हणाली. "पाठ काय म्हणते ते बघू."

पाठीने काय ते सांगितलं आणि नाताळच्या आधी तिने नाव काढून घेतलं. दुखणं काही गेलं नाही. टोमॅटो खायचा नाही, पाणी मोजून प्यायचं, मशीनवर पडायचं, सगळं तसंच राहिलं. फक्त येता-जाता ती आता बोलायची, कधी त्याच्या गाडी चालवण्याला नावंही ठेवायची.

जानेवारीत ती व्हॅन बर्फात बंद पडली ती पडलीच. नवी कधी येणार हे कुणाला सांगता येईना. इलका म्हातारीचा फोन आला आणि केवाने नायदेनला न विचारताच हो म्हटलं. म्हणजे दोन गावं जास्तीची आणि पहाटे आणखी लवकर उठणं. पहिल्याच दिवशी म्हातारी मागच्या सीटवर शालीत गुरफटून बसली, लसणाचा वास गाडीभर पसरला, आणि तिने आपल्या सुनेच्या तक्रारी सुरू केल्या त्या इस्पितळापर्यंत.

परतीला मशीनवरून उठलेल्या दोघीही गळून गेल्या होत्या. तरी इलका म्हणाली, "नायदेन, हळू घे रे बाबा. आतड्यांत नुसतं पाणी हलतंय."

"हळूच चाललोय, इलकाआजी," तो म्हणाला आणि काचेवरची वाफ बाहीने पुसून त्याने गिअर उतरवला.