नवरोजच्या दिवशी फाटलेला झेंडा

मंडळी, आज आमच्या घरी जे झालं ते सांगते.

आमच्या नांदेडच्या घरात वरच्या मजल्यावर शिरीन ही इराणी मुलगी भाड्यानं राहते, इथंच पीएचडी करते. आज त्यांचा नवरोज, म्हणजे नवीन वर्ष. पुण्या-हैदराबादहून तिचे इराणी मित्र आले होते, त्यांत कावे आणि रझाही होते. मलाही जेवायला बोलावलं होतं.

फोटोसाठी सगळे उभे राहिले आणि कावेनं इराणचा जुना, सिंहाचा झेंडा उलगडला; तो आता तिथल्या सरकारचे विरोधक मिरवतात. रझा ओरडत धावला आणि तो त्यानं टरकन फाडला. "सरकारचा कुत्रा!" असं त्यांच्या भाषेत म्हणत (अर्थ मला शिरीननं नंतर सांगितला) कावेनं नवरोजच्या मांडणीतली व्हिनेगरची बाटली त्याच्या कपाळावर फोडली. रझा कोसळला, तरी कावे लाथा घालतच होता. मी मध्ये घुसले, तर एक लाथ माझ्याही बरगडीत बसली.

"अरे, मरंल की लेकरू!" मी किंचाळले.

रक्तानं माखलेला रझा मोडक्या हिंदीत म्हणाला, "आंटी, ये फोटो ईरान गया, तो सरकारवाले मेरे बाबा को उठा लेंगे."

कावे जागीच थांबला. त्याचा स्वतःचा भाऊ तिथल्या सरकारविरोधी मोर्चात गोळी लागून गेलाय. त्यानंच शर्ट काढून रझाच्या कपाळावर दाबला, त्याला उचलून ऑटोत घातलं.

टाके पडलेत, जीव वाचला. दोघं अजून एकमेकांशी बोललेले नाहीत.

फोटो पुसलेत, इथली नावंही मी बदललीत. आपण लांबून लढायचं आणि झळ घरच्यांना बसायची, तर मग गप्प बसावं का? भाऊ गमावलेल्यानं तरी कसं बसावं? मला तर काही कळंना. तुम्हीच सांगा.