जाळ्याच्या दोऱ्याचा लूप

बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाकडे त्यांची तलावातली एक गोष्ट होती. कुठला मासा केवढा होता आणि तो जाळ्यातून सुटला कसा. दर सांगणाऱ्यागणिक मासा वाढत गेला, आणि आम्ही रडता रडता हसलो. ही गोष्ट मात्र कोणी सांगितली नाही, कारण तेव्हा घरी आई, बाबा आणि मी, तिघंच होतो.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी गडचिरोलीला कॉलेजात होते आणि तिरंदाजीच्या सरांनी मला कंपाउंड धनुष्य वापरायला दिलं होतं. दोन टोकांना चाकं असलेलं हे धनुष्य बोटांनी ओढत नाहीत. मनगटाला पट्ट्यानं बांधलेलं रिलीज नावाचं छोटं यंत्र असतं. त्याचा जबडा प्रत्यंचेवरच्या दोरीच्या इवल्याशा लूपला पकडतो. ओढायचं, नेम धरायचा, खटका दाबायचा. जबडा उघडतो आणि बाण जातो. लूपच्या दोन गाठी असतात आणि त्यांच्या मधे बाणाची शेपटी बसते.

रविवारी राज्य स्पर्धेसाठी निवड होती. मुलींमधून चौघी पुण्याला जाणार होत्या आणि मला जायचंच होतं. शनिवारी सकाळी आरमोरीजवळच्या आमच्या गावी मी भाताच्या तणसाच्या ढिगाला कागद टोचून सराव करत होते. दहाव्या बाणाला लूपकडे लक्ष गेलं. जबड्यानं घासून घासून दोरीचं आतलं पांढरं सूत बाहेर आलं होतं. ओढताना लूप तुटला असता तर माझीच मूठ माझ्या तोंडावर आली असती. जादा दोरी सरांकडे. ते रविवारी मैदानावरच भेटणार होते, पण लूप बदलला की नेमही बदलतो. नव्या लूपवर आजच बाण मारून पाहायला हवे होते.

बाबा ओसरीत जाळं दुरुस्त करत बसले होते. मी धनुष्य त्यांच्यापुढे धरलं.

"बाबा, इथं एवढीशी दोरी बांधून देता का?"

"कोणता मासा धरते याच्यानं?"

"बाण धरते."

"सकाळपासून त बाण सोडूनच राह्यली. मंग धराव काऊन लागते?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी जाळ्याच्या काठाचा जाड नायलॉनचा दोरा घेतला, जिभेनं ओला केला, दोन गाठी मारल्या, टोकं काडीनं जाळून अंगठ्यानं दाबली. सरांच्या लूपपेक्षा देखणा झाला. मी रिलीज अडकवून धनुष्य ओढलं. प्रत्यंचेत डोळ्यासमोर एक बारीक कडी असते, तिच्यातून नेम पाहायचा. ती कडी तोंड फिरवून बसली. कागदाऐवजी मला तिची काळी कड दिसली. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच.

कापून टाकलेला जुना लूप शेजारी पडला होता. तो पाहिल्यावर उमगलं. त्याच्या दोन गाठी एकमेकींच्या उलट होत्या, बाबांच्या दोन्ही एकाच बाजूच्या. एक गाठ उलटी मारा, मी म्हटलं.

"उलटी गाठ?" बाबांनी असं पाहिलं, जणू मी त्यांना उलटा सदरा घालून लग्नाला चला म्हटलं होतं. "जाळ्यात सगळ्या गाठी एका तोंडाच्या असाव लागते."

"हे जाळं नाई न, बाबा."

"एक इकडं पाहून राह्यली, एक तिकडं. भांडलेल्या नवरा-बायकोवानी दिसन."

आई चुलीपाशी होती. "मंग तुमाले त जमलंच पाह्यजे," ती म्हणाली.

तरी ते ऐकेनात. उभ्या जन्मात त्यांनी उलटी गाठ मारली नव्हती. मला वाद घालता येत नाही, तेव्हाही येत नव्हता. मी नुसतं त्यांच्यासमोर धनुष्य ओढून धरलं आणि दोरीकडे पाहा म्हटलं. ते वाकले. त्यांच्या गाठींमुळे प्रत्यंचा गोल फिरत होती.

"मुरगळून राह्यली," ते म्हणाले, आणि त्यांनी आपल्या गाठी स्वतःच ब्लेडनं कापल्या.

दुसऱ्यांदा हात सवयीनं पुन्हा सरळच गेले. तिसऱ्यांदा, ओठ दाबून, पुटपुटत, एक गाठ उलटी पडली. मी ओढलं आणि कडी सरळ माझ्याकडे पाहू लागली. नायलॉन पहिल्या वीसेक बाणांत थोडा ताणला गेला, मग स्थिर झाला. उजेड होता तोवर मी नेम जुळवत राहिले.

निवडीला बाबाही आले. दोरीच्या कुंपणामागे उभे राहिले, पण कोणाचा बाण कुठे लागतो याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. दर फेरीनंतर एकच प्रश्न, "गाठ सरकली का?" "नाई," मी म्हणायची, आणि ते परत सावलीत जायचे. माझा चौथा नंबर आला. तेव्हाही त्यांनी आधी लूपच पाहिला.

सरांनीही पाहिला. "बाबांनी बांधला? गाठ झकास आहे. पण नायलॉन ताणला जातो, पुण्याला नको." त्यांनी तो कापला आणि आपली दोरी बांधली. दुसरी गाठ उलटी पडली तेव्हा बाबांनी शेजारी उभ्या उभ्या मान हलवली.

कापलेला तुकडा सरांच्या तळहातावर होता. "ठेवतेस का?"

"नको, सर. बाबा केव्हाही दुसरा बांधून देतील."

सरांनी हात झटकला, आणि आम्ही बस धरायला निघालो.