टीव्हीवरचे हुशार अन् पवनीचे मास्तर

मास्तरांच्या खोलीत किस्से कोणी ठरवून सांगत नाही. पिरियड ऑफ असला, चहा आला, की एकातून दुसरा निघतो. ऐंशीनंतर पवनीच्या आमच्या शाळेत टीव्ही आला, तेव्हापासून तर विचारूच नका!

त्या टीव्हीवर हुशार माणूस म्हणजे एकच साचा. जाड चष्मा, विस्कटलेले केस, अन् बोलणं असं की कोणाला कळू नये.

भूगोलाचे हटवार सर पाहून पाहून भारावले. नागपूरहून बिननंबरचा चष्मा आणला, केसांना तेल लावणं सोडलं. तिसऱ्या दिवशी सातवीच्या पोरांनी हेडमास्तरांना अर्ज दिला, "हटवार सर बिमार आहेत. करिता त्यांना अन् आम्हाला सुट्टी मिळावी."

एकदा टीव्हीवर दोन विद्वान अर्धा तास चर्चा करत बसले. श्रावण शिपाई म्हणाला, "सर, काय बोलून राहिले जी हे?"

हेडमास्तर म्हणाले, "तुले-मले समजलं असतं, तं त्याइले टीव्हीवर कायले बोलावलं असतं?"

गणिताचे लांजेवार सर खरे हुशार. पण अंग पैलवानाचं, भांग चोपून पाडलेला. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत सलग आठ उत्तरं त्यांनी आधीच सांगितली. श्रावण म्हणाला, "सर, हा प्रोग्राम तुमी पयलेच पाह्यला वाट्टे!"

याच लांजेवारांना लग्नासाठी दोन ठिकाणांहून नकार आला होता. "पोरगा एमेस्सी हाये म्हन्ता, पन दिसत नाई." बिचारा खचला. डबासुद्धा तसाच परत न्यायचा.

शेवटी लग्न जमलं ते सानगडीला. मुलगी पाहायला निघताना हटवारांनी शिकवलं, "हुशार मानूस विसरभोळा पायजे. काईतरी विसरा!"

मी सोबत होतो. पोहे झाले, चहा झाला. लांजेवार दाराशी आले, आढ्याकडे पाहत मुलीच्या वडलांच्या चपला पायात सरकवल्या अन् चालू लागले.

वडील खूश! "पाहा, डोकं कुठं अन् पाय कुठं! विद्वान हाये."

मुलगी पडद्याआडून बाहेर आली. दारातल्या चपलांकडे पाहिलं, लांजेवारांच्या पायांकडे पाहिलं.

"बाबा, पाच जोड होते. विसरून बी तुमच्या नव्या कोऱ्याच कशा घातल्या? हो म्हना. मानूस हुशार हाये!"