मांडीवर बुट्टी नव्हती

बायकोला माहेरी सोडायला निघालो, तेव्हा आईनं शिदोरीची बुट्टी दिली नाही.

आमच्याकडं सून माहेरी निघाली की सासू वेताच्या बुट्टीत कानवले, लाडू, धपाटे भरते आणि वर पांढरं फडकं बांधते. माहेरी ती बुट्टी सोडून घरोघरी वाटतात. बुट्टी आली म्हणजे पोरगी मानानं आली. नसली तर कुणी काही विचारत नाही. हाकलून दिलीय, हे सगळ्यांना कळतं.

हे मला माहीत होतं. तरी मी मामाची मागून आणलेली फटफटी चालू केली.

आमचं घर कबनूरचं. वडील यंत्रमागावर कामाला. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कोल्हापूरला दुसऱ्या वर्षी इंग्रजीत नापास झालो आणि घरी सांगायचं धाडस झालं नाही. "निकाल राखून ठेवलाय," असं म्हणालो आणि जूनपासून दसऱ्यापर्यंत तेच म्हणत राहिलो. खरं फक्त बायकोला ठाऊक होतं. एक दिवस आईनं तिला सरळ विचारलं आणि तिनं सरळ सांगितलं. संध्याकाळी आईनं मला वडिलांसमोर उभं केलं. वडील नुकतेच पाळीवरून आले होते, भुवयांवर कापूस तसाच होता. मी म्हणालो, "तिला काय कळतंय? खोटं बोलतीय ती."

वडिलांचा चेहरा सैल झाला. आई म्हणाली, "माझ्या लेकाला नापास ठरवती व्हय? सोड जा तिला तिच्या आईकडं. मी सांगीन तवा आण."

 सकाळी बायको पिशवी घेऊन दारात उभी राहिली. गाडीवर बसताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागची लोखंडी दांडी धरली.

शाहूपुरीत मिसळीला थांबलो. पडद्यामागच्या फॅमिली रूममध्ये बसलो, दोन प्लेटी मागवल्या. तिनं ताटली पुढं ढकलली.

"खा की. अजून लई लांब जायचंय."

"लांब तुमाला जायाचंय. मला काय, पोचवायलाच निघालासा की."

"उपाशी बसून काय होणाराय?"

"सासूनं शिदोरी दिली असती तर खाल्ली असती. हाटेलात खायला मी काय फिरायला निघालीया?"

मी माझी मिसळ संपवली आणि मग तिचीही खाल्ली. हे लिहिताना संकोच वाटतो, पण तसंच झालं.

वाघबीळ सोडल्यावर डोंगर जवळ येऊ लागले. रस्ता वळत होता, खाली भाताची खाचरं पिवळी पडत चालली होती. लग्नानंतर याच रस्त्यानं येताना ती प्रत्येक डोंगराचं नाव सांगत होती. आज तिची मान दुसरीकडं होती. मी आरशात दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "रस्ता बघून चालवा. मराय न्हाय निघालो."

बांबवड्याच्या अलीकडं एका टपरीवर गरम भजी तळत होती. टपरीवाले दाढीवाले म्हातारे चाचा होते. मी एक बशी संपवून दुसरी सांगितली. ती बाकाच्या टोकाला पदर आवळून बसली होती. चाचांनी झारा कढईतच ठेवला.

"पावणं, वैनी उपाशी बसल्यात आन् तुमी दुसरी बशी सांगताय? कुठल्या गावचं म्हणायचं?"

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "कबनूरचं. कालेजात शिकत्यात."

"मग असंल," चाचा म्हणाले आणि परत भज्यांकडं वळले.

गाडीशी आल्यावर मी दात आवळून म्हणालो, "चार लोकांत तमाशा करायची गरज नव्हती."

"कसला तमाशा? कालेजात शिकतासा, एवढंच सांगितलं. पुढचं न्हाय सांगितलं."

मलकापुरात मी अर्धा किलो पेढे घेतले. मला वाटलं, काहीतरी हातात असलं म्हणजे झालं. पुडा तिच्यापुढं धरला. "हे धर मांडीवर. घरी काय ते सांगता येईल."

तिनं पुड्याचा दोरा बोटानं उचलून पाहिला. "माझी आय हा दोरा बघूनच वळखंल. परत खोटंच का? आनि तेबी माझ्याच हातात देऊन?"

पुडा मी हँडलला अडकवला. तो गुडघ्यावर आपटत राहिला.

तिच्या गावाचा फाटा आला. कच्च्या रस्त्याकडंच्या खाचरात बायका भात कापत होत्या. "थांबवा," ती म्हणाली आणि उतरली. बायकांकडं पाठ करून उभी राहिली.

मला राहवलं नाही. म्हणालो, "मी तुझ्या वडिलांना खरं सांगतो. पाया पडतो त्यांच्या."

"माझ्या बाला काय सांगतासा? मी खोटं बोलत न्हाय हे त्याला म्हाईत हाय. जितं खोटं बोललासा, तितं सांगा."

 माझे वडील कॉलेज सोडवून मला मागावर उभं करतील, ही एकच भीती डोक्यात होती. तिनं ती ओळखली असावी.

"लवकर काय ते बोला," ती म्हणाली. "एकदा ह्या बायकांनी मला अशी बिनबुट्टीची बघितली की मग तुमी कितीबी बोलवा, मी माघारी यायची न्हाय."

खाचरातली एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिनं कपाळावर हाताचा आडोसा केला आणि आमच्याकडं पाहू लागली.

मी गाडी फिरवली. "बस," म्हणालो. ती बसली. हात पुन्हा त्या दांडीवरच.

परतताना चाचांच्या टपरीवर तिनं स्वतःच थांबायला लावलं. पहिली बशी तिनं घेतली, माझ्यासाठी न थांबता खाल्ली, मग दुसरी सांगितली.  मी चहावर भागवलं.

घरी वडिलांची पाळी बदलली होती, ते रात्रपाळीवर निघायच्या तयारीत होते. मी उंबऱ्यातच सांगितलं, मी नापास झालोय, ती खरं बोलली, मी खोटं बोललो. वडिलांनी डबा उचलला आणि ते निघून गेले. दोन दिवस त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "फारम कधी भरायचाय परत?" आई मात्र आम्हा दोघांशीही बोलत नव्हती. दिवाळीच्या आधी तिनं एक बुट्टी दारात आणून ठेवली, फडकं घट्ट बांधून. 

त्या वेळी तिच्या माहेरी एसटीनं गेलो. बुट्टी बायकोच्या मांडीवर होती, मला तिनं ती उचलूही दिली नव्हती. घाटाच्या वळणांवर फडक्यातून तळलेल्या कानवल्यांचा वास येत होता. मी हळूच म्हणालो, "एखादा दे की."

तिनं बुट्टी आणखी जवळ ओढली. "शाहूपुरीत माझ्या वाटणीची मिसळ खाल्लीसा की. तीच पुरवा गावापतुर."