ढोलावरचं पाणी

माझ्या डोळ्यांदेखत ढोलावर पाणी ओतलं. शिंपडलं नाही. ओतलं. तांब्याभर.

ओतणारा शाळेचा शिपाई गणपत. ओतायला लावणारे शाळेचे मोठे पंतोजी. ते पायरीवर उभे होते, धोतराचा सोगा हातात धरून. त्यांच्या मागं ओळीनं बारा पोरं. मी खाली अंगणात. अर्धी सकाळ खपून मी तो ढोल ताणला होता, सुरात आणला होता आणि उचलून पायरीवर ठेवला होता.

मी म्हटलं, "पंतोजी, कातडं भिजलं तं ढोल वाजत नाही."

ते म्हणाले, "वाजेल तेव्हा वाजेल. आधी शुद्ध होऊ दे."

पोरं हसली नाहीत. हसली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही. मांगानं हात लावला, पाणी ओतलं. घरी रोज हेच बघत होती.

आणि त्या शाळेत गाण्याबजावण्याचा मुख्य मी होतो. नेमणुकीच्या कागदावर तसंच लिहिलं होतं. वाद्यं माझ्या ताब्यात. पोरं मी निवडायची. काय शिकवायचं ते मी ठरवायचं. कागद खोटा नव्हता. फक्त कागदावर माझे हात कुठं ठेवायचे ते लिहिलं नव्हतं.

आमचं गाव बाळापूरच्या अलीकडे, नदीकाठी. बाप डफडं वाजवायचा. गावात कुणाचंही लग्न असो, बाप मांडवाबाहेर उभा. उन्हात उभा. पंगती उठल्या की वरून त्याच्या पदरात भाकर पडायची. तो ती कपाळाला लावायचा. मी दहाएक वर्षांचा असताना विचारलं, बाबा, आपण आत का नाही जात? त्यानं मला मारलं. रागानं नाही. भ्यायला होता.

मिसरूड फुटायच्या आत मी अचलपूरला पळालो. तिथं गोऱ्या साहेबांच्या पलटणीची छावणी होती. पलटणीला ढोल वाजवायला माणसं लागत, आणि कातड्याला हात लावायला वरच्या जातीचे शिपाई तयार नसत. मला घेतलं. बँडचा मास्तर गोव्याचा म्हातारा किरिस्ताव. दारू प्यायचा. ताल चुकला की छडी मारायचा. पण हात चुकीचा पडला की जवळ यायचा, माझं मनगट धरायचा आणि हात वळवून दाखवायचा. आमच्या वस्तीबाहेरच्या माणसानं मला हातानं शिवण्याची ती पहिली वेळ. मी मुद्दाम दोन-तीनदा चुकलो होतो, हे आज सांगतो.

आठ वर्षांत मी ढोल शिकलो, ताशा शिकलो, बिगुल शिकलो, बासरी शिकलो. कागदावरच्या रेघांवर लिहिलेले सूर वाचायला शिकलो. मग पलटण दुसरीकडे हलली. बँडची माणसं कमी केली. त्यात मी गेलो.

ते कापसाचे दिवस होते. तिकडं अमेरिकेत आपसांत लढाई लागली आणि इकडं वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं. अमरावतीत गाड्यांमागं गाड्या. हवेत रुई उडून उडून माणसांच्या भुवया पांढऱ्या. ज्याच्या अंगात काल धड बंडी नव्हती, त्यानं बैलाच्या शिंगांना चांदी मढवली. तिथल्या एका शेटजीनं शाळा काढली. सरकारची नाही, मिशनची नाही. स्वतःची. त्यानं छावणीत पलटणीचा बँड ऐकला होता. त्याला आपल्या शाळेत तसाच बँड पाहिजे होता. ब्राह्मण गवई बिगुल तोंडाला लावीना. म्हणून माणसं शोधत शोधत माझ्यापर्यंत आली.

शेटजीनं जात विचारली नाही. पंतोजींनी विचारली. मी सांगितली. पंतोजी पुण्याकडचे, शांत माणूस. त्यांनी आवाज कधी चढवला नाही. त्यांनी फक्त नियम केले. मी अंगणात, पोरं ओसरीवर. पोरांना शिवायचं नाही. कुणाची काडी चुकीची पडली तर तोंडानं सांगायचं. ढोल ताणायचं काम माझंच, कारण दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. पण मी ताणला की पाणी.

ज्याला कळत नाही त्याला सांगतो. ओलं कातडं ढिलं पडतं. ढिल्या ढोलाचा आवाज मरतो. आवाज काढायला दोऱ्या ओढल्या की ऊन लागल्यावर कातडं आवळतं आणि फाटतं. पहिल्या दोन महिन्यांत चारातले दोन ढोल फाटले. पंतोजींनी शेटजीला सांगितलं, मास्तर निष्काळजी आहे. मी घरून बकऱ्याची कातडी आणली. मी आणि माझ्या बायकोनं, सारजानं, ती कमावलेली होती. एकेक करून चारही ढोल मी नव्यानं मढवले. त्यांच्यावरही पाणी पडलं.

मी काय केलं? मी सोसलं. इतकंच नाही. पाणी टाळायचं म्हणून मी ढोलाला कमी हात लावायला लागलो. मग पोरांपुढं उभा राहताना हात पाठीमागं बांधायला लागलो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या अंगानं आपोआप शिकून घेतलं.

एकदा घरी सारजा भाकर थापत होती. मी दारात उभा होतो. ती माझ्याकडं बघत राहिली.

"कोनं बांधून ठेवलं तुमाले?" ती म्हणाली. "घरी तं हात सोडा."

मी बघितलं. हात पाठीमागंच होते. माझ्याच घरात. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्या वर्षी अकोल्यापर्यंत आगगाडी येणार म्हणून शेटजीनं तिथं कापूस दाबायचं यंत्र बसवलं. ते सुरू करायला एक गोरा साहेब येणार होता. शाळेचा बँड अकोल्याला न्यायचा ठरला. गाड्या जुंपल्या. पोरं गाड्यांत, पंतोजी दमणीत, मी ढोलांच्या गाडीमागं पायी. तीन मुक्काम केले.

अकोल्यात सकाळी उन्हाच्या पहिल्या तिरिपेला मी ढोल मांडले. चारही एका सुरात आणले. चांगले लागले होते. पलटणीतही असे लागले नसते. मग मी पंतोजींकडं गेलो आणि हात जोडले. हो, जोडले. म्हटलं, आजच्या दिवस पाणी नको. ते म्हणाले, "बघू."

मी बिगुलवाल्या पोरांना तालीम द्यायला मागं गेलो. परत आलो तेव्हा चारही ढोलांखाली चिखल झाला होता. शेटजीचे सोयरे येणार, त्यांची पोरं ढोल हाताळणार, म्हणून त्या दिवशी तांब्या नाही, घागर ओतली होती. गणपतनं माझ्याकडं बघितलं नाही. एवढंच म्हणाला, "मले सांगतलं, मी केलं."

साहेब आला. बँड वाजला. बिगुल बरे वाजले, बासऱ्या बऱ्या वाजल्या. ढोल वाजले नाहीत. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. गाडीवाले, हमाल, सोयरे, सगळे हसले. साहेबानं रुमाल तोंडाला लावला.

शेटजीनं पंतोजींना विचारलं, हे काय? पंतोजी तितक्याच शांतपणे म्हणाले, "मांगाच्या हातचं काम. मी आधीच सांगितलं होतं."

शेटजी माझ्याकडं वळला. "घे थो ढोल डोक्यावर. अन् उभा राह्य उन्हात. वाळेपर्यंत."

मी घेतला. हे लपवत नाही. शेटजीनं सांगितलं आणि मी ढोल डोक्यावर घेतला. यंत्राच्या दारात, सगळ्या बाजारासमोर. ढोलातलं पाणी कानामागून मानेवर, मानेवरून कोटात. शाळेनं मला दिलेला लाल कॉलरचा कोट, बँड मास्तरचा. येणारा जाणारा थांबून बघत होता. माझीच शिकवलेली बारा पोरं सावलीत बसून बघत होती.

यंत्र बघून साहेब बाहेर आला. माझ्यापुढं थांबला. हिंदुस्तानीत विचारलं, ढोल का नाही वाजला? दुसऱ्या कुणी उत्तर द्यायच्या आत मी पलटणीच्या बोलीत सांगितलं, "पानी डाला, साहब. मेरा हाथ लगता है तो रोज पानी डालते हैं."

साहेबानं शेटजीकडं बघितलं. पंतोजींकडं बघितलं. मग मला म्हणाला, "रिवाज है." आणि बग्गीत बसून गेला.

मला वाटलं होतं, हा काही म्हणेल. आठ वर्षं यांच्याच निशाणापुढं ढोल वाजवला होता. बग्गीची धूळ बसेपर्यंत मी तसाच उभा होतो. मग कळलं की माझ्या डोक्यावरचा ढोल उतरवायला कुणी येणार नाही. त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावणारच नाही.

मी ढोल खाली ठेवला.

शेटजी म्हणाला, "कोनं सांगतलं खाली ठेवाले?"

मी म्हटलं, "मीच."

मी खाली बसलो आणि दोऱ्या सोडायला लागलो. एक ढोल सोडला. कडं काढलं, कातडं काढलं, गुंडाळून बाजूला ठेवलं. दुसरा ओढला. तेव्हा कुठं त्यांना समजलं. शेटजी ओरडला, "गणप्या, धर त्याले." गणपत दोन पावलं पुढं आला. मागून पंतोजी म्हणाले, "शिवू नकोस." सवयीनं म्हणाले. गणपत जागच्या जागी थांबला.

अडवायचं तर मला शिवावं लागलं असतं. शंभर माणसं होती तिथं. एकानंही हात पुढं केला नाही. ज्या विटाळानं मला जन्मभर बाहेर ठेवलं, त्याच विटाळानं त्या दिवशी माझ्याभोवती कुंपण घातलं. मी घाई केली नाही. चारही ढोलांची आठही कातडी काढली.

उठलो. म्हटलं, "कातडं माहं हाय. माह्या घरून आनलं. लाकूड तुमचं. त्याच्यावर ओता पानी."

कोट काढून लाकडांवर टाकला आणि उघड्या अंगानं बाळापूरची वाट धरली.

आठ दिवसांनी सारजा अमरावतीचं बिऱ्हाड मोडून, गाठोडं डोक्यावर घेऊन गावी आली. तिनं शाबासकी दिली नाही. रडलीही नाही. म्हणाली, "आता हे लोक गप बसनार नाईत. आपुन बी तयार राहू."

ते गप बसले नाहीत. आमच्या गावच्या पाटलाचा कापूस त्याच शेटजीकडं जायचा. पाटलाच्या पोरीचं लग्न निघालं. निरोप आला, मांगवाड्यातल्या सगळ्यांनी वाजवायला यायचं, आणि अकोल्याला माजलेल्यानं आधी येऊन पायरीवर डोकं ठेवायचं, मग मांडवाबाहेर उभं राहून वाजवायचं.

बाप तेव्हा गेलेला होता. बापाचा भाऊ, आमचा काका, वस्तीत मोठा. तो माझ्या दारात आला. म्हणाला, "तुह्या ताठ्यापायी आमच्या चुली इझवतं काय?"

आठ घरं गोळा झाली. मी म्हटलं, तुम्हाला मी अडवत नाही. ज्याला जायचं त्यानं जावं. मी जाणार नाही. माझं वाद्यही देणार नाही. बायकांनी मला शिव्या दिल्या. त्यांचं चूक नव्हतं. लेकरं त्यांनाही होती.

सारजा काकाला म्हणाली, "मामंजी, एक करा. पाटलाले इचारा, वाजवनाऱ्याईले मांडवात बसवता का? हो म्हनलं तं हे बी येतीन, मी आनते धरून."

काकाच्या साठ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याला वाटलं, विचारायला काय जातं. पाटलानं लहानपणापासून त्याचं डफडं ऐकलं होतं. तो गेला. भोळेपणानं गेला.

परत आला तेव्हा ओठ फाटलेला होता, पागोटं हातात होतं. कुणी मारलं ते त्यानं सांगितलं नाही. पाणी प्यायला. मग डफडं भिंतीवरून काढलं, धान्याच्या कणगीमागं ठेवलं आणि म्हणाला, "नाई जायचं कोनी."

पाटलाच्या पोरीचं लग्न मुकं लागलं. नवरदेव वेशीतून आला तेव्हा बैलांच्या घुंगरांशिवाय काही वाजत नव्हतं. दुसऱ्या गावचे वाजवणारे बोलावले होते. त्यांच्याकडं सारजा आधीच जाऊन आली होती.

चौथ्या दिवशी पाटलाचा माणूस वस्तीच्या कडेला आला. लांबूनच बोलला. पाटलाचा हुकूम सांगितला की गावात राहायचं असेल तर बापासारखं वाजवायचं, नाहीतर गाव सोडायचं. पाणी बंद, शेतावरचं काम बंद, रस्ता बंद.

आठही घरं बाहेर आली होती. बायका, म्हातारे, सगळे माझ्याकडं बघत होते. काका माझ्या शेजारी उभा होता.

मी त्या माणसाला म्हटलं, "पाटलाले सांग. माह्या बापाचं हाड याच मातीत हाय. गाव सोडनार नाई. वाजवनार बी नाई."

तो म्हणाला, मग मरशील.

मी म्हटलं, "येऊ दे कोनाले यायचं त्याले. पन मले शिवावं लागीन."